भरलेला काटा, रिकामा काटा आणि डेव्हएफएस

कंपायलर पहिल्याच फाइलला थांबला. ‘लिनक्स/डेव्हएफएस_एफएस_कर्नल.एच’ अशी फाइल सापडत नाही म्हणाला. ऑक्टोबर २००६. दिवाळी तोंडावर आलेली, पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बाकी सगळे घरी गेलेले, आणि मी लिनक्सच्या नव्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, आमचा जुना ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) बांधायला बसले होते. कर्नलची २.६.१८ ही आवृत्ती येऊन जेमतेम महिना झाला होता.

चूक कुठे आहे ते शोधावं लागलं नाही. फाइल सापडत नव्हती कारण ती उरलीच नव्हती. डेव्हएफएस, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या फाइली आपोआप मांडणारा भाग, कर्नलमधून गेला होता. ‘एफएस/डेव्हएफएस’ हे अख्खं फोल्डर गेलं होतं, त्याची माहितीपत्रकं गेली होती, आणि कर्नलभर पसरलेल्या ड्रायव्हरांमधून त्याला मारलेल्या हाका एकेक करून उचलून काढल्या होत्या. ज्याच्यावर मी तीन वर्षं काम केलं, ज्याची बाजू घेऊन मित्रांशी भांडले, ते सगळं एका आवृत्तीत नाहीसं झालं होतं. हे होणार हे ठाऊक होतं, तरी त्या रात्री पोटात खड्डा पडला. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

लिनक्सच्या आत न शिरलेल्यांसाठी थोडं मागे जाते. युनिक्सच्या घराण्यात यंत्राला जोडलेली बहुतेक प्रत्येक वस्तू फाइलसारखी वापरता येते. डिस्क, सिरियल पोर्ट, टर्मिनल, सगळ्यांच्या फाइली ‘/डेव्ह’ या फोल्डरात. तिथल्या ‘नल’ या फाइलची सविस्तर ओळ काढून बघा. साध्या फाइलसमोर जिथे आकार लिहिलेला असतो, तिथे दोन आकडे दिसतील: १, ३. पहिला मेजर, म्हणजे काम कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं. दुसरा मायनर, म्हणजे त्या ड्रायव्हरच्या हाताखालची कितवी वस्तू. ‘झीरो’चे आकडे १, ५. पहिल्या स्कझी डिस्कचे ८, ०. पहिल्या सिरियल पोर्टचे ४, ६४. कर्नल या आकड्यांवर चालतो. नाव आहे ते आपल्यासाठी.

पूर्वी या फाइली ‘मेकडेव्ह’ नावाची स्क्रिप्ट करून ठेवायची. तुमच्याकडे काय जोडलेलं आहे हे तिला माहीत नसायचं, म्हणून जगात जे काही जोडता येईल त्या सगळ्याच्या फाइली ती आधीच करून ठेवायची. रेड हॅट ९ या तेव्हाच्या लिनक्स वितरणाच्या ‘/डेव्ह’मध्ये अठरा हजारांहून जास्त नोंदी असत. त्यातल्या खऱ्या वस्तूंच्या किती? साध्या घरच्या मशीनवर फार तर शंभर-दीडशे. बाकीच्या फाइली उघडायला गेलात तर ‘असं उपकरण नाही’ एवढंच उत्तर. शिवाय मेजर आणि मायनर दोन्ही आठ-आठ बिटांचे, म्हणजे २५६ च्या आत मावले पाहिजेत. यूएसबी आल्यावर ते आकडे पुरणं कठीण होत चाललं होतं.

डेव्हएफएस लिहिणाऱ्या रिचर्ड गूच यांनी यावर जो विचार केला तो मला आजही सुंदर वाटतो. ‘/डेव्ह’ ही डिस्कवरची जागाच कशाला हवी? ती कर्नलने स्वतः, मेमरीत, उभी करावी. ड्रायव्हर जागा झाला की त्याने आपली फाइल मांडावी, निजला की उचलावी. जे आहे तेवढंच दिसेल. गूच यांनी हे काम आधी बराच काळ मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळलं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये, २.३.४६ या आवृत्तीत, ते आत घेतलं गेलं. २.४ ची मालिका आली तेव्हा डेव्हएफएस तिच्यात होता, ‘प्रायोगिक’ असा शिक्का घेऊन. मँड्रेक आणि जेंटू या लिनक्स वितरणांनी तो मनावर घेतला. त्याची नावंही पत्त्यासारखी असत: ‘/डेव्ह/आयडीई/होस्ट०/बस०/टार्गेट०/लन०/पार्ट१’. लांबलचक, पण वाचलं की डिस्क कुठल्या केबलवर बसली आहे ते कळायचं.

माझं प्रेम मात्र नावांवर नव्हतं. आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी एक पेटी बनवायचो. आत छोटा बोर्ड, आठ एमबी फ्लॅश, बत्तीस एमबी मेमरी, २.४ कर्नल. फ्लॅशवरची फाइलसिस्टिम फक्त वाचण्याजोगी, म्हणजे वीज कधीही गेली तरी काही बिघडू नये. अशा ठिकाणी ‘/डेव्ह’मध्ये नवी फाइल करायची म्हटलं तर लिहायचं कुठे? डेव्हएफएसने तो प्रश्नच मिटवला होता. पेटी चालू केली की ‘/डेव्ह’ आपोआप उभा. फ्लॅशवर एक बाइटही खर्च नाही. काट्याच्या तोंडाशी लाल-हिरवा दिवा आणि आडवा दांडा असतो, त्यांचा ड्रायव्हर मी लिहिला होता. डेव्हएफएसला हाक मारणारी एक ओळ घातली की माझी ‘/डेव्ह/दिवा’ फाइल हजर. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ड्रायव्हरची फाइल पहिल्यांदा उमटलेली पाहिली तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं.

मग जानेवारी २००६ ची ती रात्र आली.

कारखान्याच्या आवारात दोन काटे असतात. उसाने भरलेली गाडी आत येताना पहिल्या काट्यावर उभी राहते, ते भरलेलं वजन. मग गव्हाणीत ऊस रिकामा होतो आणि परत जाताना गाडी दुसऱ्या काट्यावर जाते, ते टेअर, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. एकातून दुसरं वजा केलं की ऊस किती आला ते कळतं, आणि तो आकडा पावतीवर छापला जातो. शेतकऱ्याचं वर्षभराचं पाणी, खत, राबणं, तोडणीवाल्यांची मजुरी, वाहतूकदाराचं भाडं, सगळं त्या एका आकड्यावर. काटामारीच्या संशयाला आपल्याकडे केवढा इतिहास आहे हे ऊसपट्ट्यातल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून त्या पेटीचं काम मला साधं कधीच वाटलं नाही.

बोर्डावर एकच सिरियल पोर्ट होता, तोही आमच्या कामात अडकलेला. दोन्ही काट्यांचे इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारे डबे, म्हणून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावून जोडले होते. डेव्हएफएस त्यांना ‘/डेव्ह/यूएसबी/टीटीएस/०’ आणि ‘/डेव्ह/यूएसबी/टीटीएस/१’ अशी नावं द्यायचा. शून्य म्हणजे भरलेला काटा, एक म्हणजे रिकामा, असं आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं. दोन हंगाम ते बिनबोभाट चाललं.

त्या रात्री कारखान्याचा टर्बाइन ट्रिप झाला. दोन-तीन मिनिटं सगळा अंधार. पेटीला बॅटरी होती, ती चालूच राहिली. यूएसबी हबला नव्हती. वीज आल्यावर हब जागा झाला, दोन्ही कन्व्हर्टर नव्याने दिसले, पण या वेळी रिकाम्या काट्याचा कन्व्हर्टर क्षणभर आधी दिसला. जो आधी दिसेल तो शून्य. आमच्या प्रोग्रॅमने दोन्ही पोर्ट बंद करून पुन्हा उघडले आणि जणू काही झालंच नाही असं काम सुरू केलं.

मी योगायोगाने तिथेच होते, दुसऱ्या दिवशीच्या एका दुरुस्तीसाठी मुक्कामाला. पहाटे दोनच्या सुमारास काट्यावरच्या क्लार्ककाकांनी माणूस पाठवून उठवलं. थंडी मरणाची, बाहेर ट्रॅक्टरांची रांग फाटकापर्यंत, आणि काका इंडिकेटरसमोर हाताची घडी घालून उभे.

“ताई, हितं बघा. काट्यावर डबल ट्रॉली उभी हाय. काटा म्हणतोय एकवीस टन चारशे साठ. आन् तुमचा पडदा म्हणतोय सहा टन एकशे ऐंशी.”

पलीकडच्या काट्यावर एक रिकामी ट्रॉली उभी होती. तिचं वजन सहा टन एकशे ऐंशी.

वीज आल्यापासून अकरा पावत्या छापून झाल्या होत्या. त्या दुरुस्त झाल्या, पण माझ्यामुळे नाही. काका प्रत्येक गाडीचं वजन इंडिकेटरवर बघून एका लांबट वहीत हाताने लिहायचे. संगणक आल्यावर ती वही बंद करा असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. त्यांनी बंद केली नव्हती. अकराच्या अकरा गाड्यांची खरी वजनं त्या वहीत होती. ट्रॅक्टरवाल्यांना बोलावून, वही समोर ठेवून, पावत्या बदलून दिल्या. एक म्हातारे शेतकरी पावती हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदा नीट विचार केला. डेव्हएफएस चुकला होता का? नाही. त्याने जे करायचं तेच केलं. दिसलेल्या पहिल्या वस्तूला शून्य म्हटलं, दुसरीला एक. भरलेल्या गाडीचा काटा कोणता हे कर्नलला कळण्याचा काही मार्गच नाही. ते काकांना माहीत आहे, शेती विभागाला माहीत आहे, पेटी बसवणाऱ्या मला माहीत आहे. मग नाव ठरवण्याचा अधिकार कर्नलकडे कशासाठी?

कर्नलच्या प्रमुख विकासकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, नेमकं हेच सांगत होते, आणि मी ते वाचूनही मनावर घेतलं नव्हतं. जुलै २००३ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यांनी युडेव्ह या आपल्या पर्यायावरचा निबंध मांडला होता. कर्नलने फक्त वर्दी द्यावी: अमुक वस्तू आली, तिचे आकडे हे, तिची माहिती सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती मांडतो त्या जागेत) इथे. पुढचं सगळं बाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमने करावं. नियमांची फाइल वाचावी, वस्तूचा सिरियल क्रमांक बघावा, ती कोणत्या सॉकेटात बसली आहे ते बघावं, आणि मालक म्हणेल ते नाव द्यावं. नियम बदलायचा तर कर्नलला हात लावायची गरज नाही. वस्तू आली-गेली तरी नाव तेच.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. डेव्हएफएसच्या आत रेस होत्या. एसटीत जागा धरणाऱ्याला रेस समजावून सांगावी लागत नाही. खिडकीतून बघितलं, जागा रिकामी आहे. वळसा घालून दारातून आत शिरेपर्यंत तिथे दुसरा बसलेला. तुमचं बघणं खरं होतं, पण बघणं आणि बसणं यांच्यामध्ये वेळ गेला. डेव्हएफएसमध्ये एक जण नाव शोधत असताना दुसरा तीच नोंद उचलून टाकत असे, किंवा नाव सापडलं नाही म्हणून ‘डेव्हएफएसडी’ या मदतनीस प्रोग्रॅमला ड्रायव्हरचं मॉड्यूल आणायला सांगून कर्नल थांबलेला असताना मधल्या काळात खालचं चित्र बदलत असे. माणूस दुसऱ्याच्या मांडीवर बसला तर भांडण होतं. कर्नलमध्ये मोकळी केलेली मेमरी वापरली तर अख्खं मशीन बसतं. फाइलसिस्टिमच्या आतड्यांपर्यंत माहिती असणारे अल व्हिरो यांनी या जागा दाखवून दिल्या आणि काही स्वतः बुजवल्याही. पण त्या मांडणीतच होत्या, ठिगळ लावून जाणाऱ्या नव्हत्या. पुढे गूच यांनी त्यात लक्ष घालणं थांबवलं आणि सांभाळणारं कुणी उरलं नाही. २.६ आला तेव्हा डेव्हएफएसवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसलेला होता.

आकड्यांची टंचाईही २.६ ने संपवली. मेजरला बारा बिट, मायनरला वीस. डेव्हएफएसच्या बाजूने असलेलं एक मोठं कारण तिथे गळून पडलं.

तरी काढायला किती वेळ लागला बघा. कर्नलच्या कागदपत्रांत तेव्हा ‘काय काढणार, कधी, का आणि कोण’ अशी एक यादी असे. डेव्हएफएसपुढे तारीख होती जुलै २००५. कारणं चार: बरीच वर्षं कुणी सांभाळलेला नाही, दुरुस्त न होणाऱ्या रेस आहेत, नावांचं धोरण कर्नलमध्ये आणतो आणि तेही प्रमाण नावांच्या विरोधात, आणि युडेव्ह त्याची जागा घेऊ शकतो. ‘कोण’पुढे ग्रेग यांचं नाव. मला ही यादीची रीत फार आवडते. काढणाऱ्याने कारण लिहायचं, तारीख लिहायची आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. ज्याला त्रास होणार आहे त्याला कुणाचं दार ठोठवायचं ते कळतं.

ठरल्याप्रमाणे तो काढणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, २००५ च्या उन्हाळ्यात तयार होते. त्यावर विरोध झाला तो बहुतेक आमच्यासारख्या छोट्या पेट्यांवाल्यांचा. युडेव्ह म्हणजे आणखी एक प्रोग्रॅम, आणखी मेमरी, चालू होताना आणखी वेळ. हे तक्रारीचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्या पेटीवर मी पहिल्यांदा युडेव्ह चढवला तेव्हा ती चालू व्हायला नऊ सेकंद जास्त लागले. ग्रेग यांनी तेव्हा काहीशे ओळींचा एक इवलासा ‘एनडेव्हएफएस’ लिहून दाखवला, की कर्नलमध्ये ठेवायचंच म्हटलं तर एवढ्यात भागतं. तो आत गेला नाही, पण पुढच्या एका गोष्टीचं बी त्यात होतं. ती खाली येईलच.

ऑगस्ट २००५ अखेर २.६.१३ आला. त्यात डेव्हएफएसचा कोड जागच्या जागी होता. फक्त कर्नल बांधताना तो निवडायची ओळ काढून टाकली होती. म्हणजे कुणाला तो हवाच असेल तर एक ओळ परत घालून मिळवता येत होता. आणि न निवडल्यावर काय होत होतं ते फार छान आहे: मला पुढे सापडली नाही त्याच हेडर फाइलमध्ये ‘डेव्हएफएस_एमके_सीडेव्ह’ ही २.६ मधली फाइल मांडायची हाक आणि तिच्या बहिणी रिकाम्या करून ठेवलेल्या होत्या. हाक मारा, काही होत नाही, चूकही येत नाही. जवळजवळ वर्षभर शेकडो ड्रायव्हर अशा हाका मारत राहिले ज्यांना कुणी ओ देत नव्हतं. कुणाचं काही अडलं का, ते कळायला हा वेळ होता. माझा दिव्याचा ड्रायव्हरही त्यातलाच. २००६ च्या उन्हाळ्यात मी पेटी २.६ वर आणली, ड्रायव्हरमधली ओळ नव्या नावाने लिहिली, युडेव्ह बसवला, सगळं चाललं, आणि ती मेलेली ओळ काढायची राहून गेली.

मग जून २००६ मध्ये, २.६.१८ ची तयारी चालू असताना, पूर्ण काढण्याची मालिका आत गेली. त्या ऑक्टोबरच्या रात्री कंपायलरने अडवल्यावर मी ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि ते पॅच एकेक करून वाचत बसले. पहाट झाली.

मला वाटलं होतं, काढणं म्हणजे खोडणं. हजारो ओळी पुसल्या जातात, बस्स. मोठा भाग तसाच होता: फोल्डर गेलं, हेडर गेलं, प्रत्येक ड्रायव्हरमधल्या दोन-चार ओळी गेल्या. टीटीवाय, म्हणजे टर्मिनल आणि सिरियल पोर्टांच्या, ड्रायव्हरच्या रचनेत ‘डेव्हएफएस_नेम’ नावाचं एक घर होतं, डिस्कच्या रचनेतही होतं, ती घरं गेली. पण मध्येच एका पॅचवर मी थांबले. टीटीवायच्या कोडमध्ये एक खूण होती, ‘टीटीवाय_ड्रायव्हर_नो_डेव्हएफएस’. नावावरून कुणालाही वाटेल, डेव्हएफएस गेला, ही पण पुसा. ती पुसलेली नव्हती. तिचं नाव बदललं होतं: ‘टीटीवाय_ड्रायव्हर_डायनॅमिक_डेव्ह’.

का, ते बघायला मी ती खूण कोण वापरतं ते शोधलं. वापरणाऱ्यांत यूएसबी-सिरियल होता. माझे कन्व्हर्टर!

साधा सिरियल ड्रायव्हर सुरू होतानाच आपल्या सगळ्या पोर्टांची नोंद करून टाकतो, कारण पोर्ट बोर्डावर सोल्डर केलेले असतात. यूएसबीचं तसं नाही. वस्तू येईल तेव्हा नोंद, जाईल तेव्हा काढणं. त्या खुणेचा खरा अर्थ तो होता: आधीच सगळ्यांची नोंद करू नको, मी एकेक आल्यावर सांगेन. डेव्हएफएसच्या काळात ती आली म्हणून नावात डेव्हएफएस चिकटला, पण काम केव्हाच मोठं झालं होतं. नाव बघून डोळे झाकून पुसली असती तर यूएसबी-सिरियलचा ड्रायव्हर सुरू होताच, एकही कन्व्हर्टर जोडलेला नसताना, सगळ्या पोर्टांच्या फाइली युडेव्हने मांडून ठेवल्या असत्या. म्हणजे परत ‘मेकडेव्ह’चा बाजार. काढणाऱ्याने प्रत्येक हाकेपाशी थांबून विचारलं होतं, ही खरंच याचीच आहे का? मी आजवर जे कोड काढले ते या पॅचनंतर वेगळ्या पद्धतीने काढले.

डिसेंबर २००९ मध्ये २.६.३२ आला, आणि त्यात डेव्हटीएमपीएफएस. कर्नल पुन्हा स्वतः ‘/डेव्ह’ उभा करू लागला. डेव्हएफएस मागच्या दाराने परत आला असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. तो लिहिणाऱ्यांत ग्रेग स्वतः आणि युडेव्हचे के सिव्हर्स होते. त्यांनी नवी फाइलसिस्टिम रचली नाही; आधीच्या मजबूत टीएमपीएफएस या मेमरीतल्या फाइलसिस्टिमवर काहीशे ओळी ठेवल्या, म्हणजे गूच यांना छळणाऱ्या त्या रेस तिथे उद्भवतच नाहीत. नावंही मूळ, साधी ठेवली. मालक कोण, परवानगी काय, टोपणनाव कोणतं, हे सगळं युडेव्हकडेच राहिलं. पेटी लवकर चालू होते ती त्यामुळे. गूच यांना जे हवं होतं, म्हणजे जे आहे तेवढंच दिसावं, ते आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर आहे. फ्रीबीएसडी या युनिक्सच्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रणालीत तर तिथल्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेला डेव्हएफएस अजून नांदतो आहे. गूच यांच्या नावाने वाईट बोलणारे भेटले की मी वाद घालते, अजूनही.

पण मी २००६ चं सांगत होते.

माझ्या ड्रायव्हरमधून हेडरची ओळ काढली, ‘डेव्हएफएस_एमके_सीडेव्ह’ काढली, तिची जोडीदार ‘डेव्हएफएस_रिमूव्ह’ काढली, आणि दिव्याची नोंद सिसएफएसच्या क्लासमध्ये व्यवस्थित आहे ना ते पाहिलं. ड्रायव्हर नऊ ओळींनी लहान झाला. काट्यांसाठी उन्हाळ्यात मी सॉकेटावरून नावं देणारा नियम लिहिला होता, कारण आमच्या स्वस्त कन्व्हर्टरांना स्वतःचा सिरियल क्रमांकच नव्हता. दोन्ही सारखेच दिसायचे. हबवर एका सॉकेटापाशी लाल रंगाचा ठिपका, दुसऱ्यापाशी हिरवा. ते मला पुरेसं वाटेना. हबचा सॉकेट धरून नाव ठेवलं तर कुणी झाडलोट करताना वायरी उलट लावल्या की परत तेच. मग थोडे महाग, आत क्रमांक कोरलेले कन्व्हर्टर मागवले आणि नियम त्या क्रमांकांवर लिहिला. हा क्रमांक दिसला की नाव ‘काटा-भरलेला’, तो दिसला की ‘काटा-रिकामा’. प्रोग्रॅममधून शून्य आणि एक कायमचे गेले.

गाळप सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरात, नवी पेटी घेऊन कारखान्यावर गेले. क्लार्ककाका होतेच. मी त्यांना काय बदललं ते सांगायला लागले तर म्हणाले, “ताई, सांगू नका. मीच बघतो.” भरलेल्या काट्यावर त्यांनी दगड भरलेली ट्रॉली उभी करायला सांगितली, रिकाम्यावर एक बैलगाडी. दोन्ही आकडे पडद्यावर बरोबर आले. मग त्यांनी हबमधून दोन्ही वायरी उपसल्या, लालची हिरव्यात आणि हिरव्याची लालमध्ये खोचली, आणि चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिले. आकडे दोन-तीन सेकंद गेले, परत आले, आपापल्या जागी. त्यांनी हबची वीज बंद केली. चालू केली. पुन्हा बंद केली, मनात काहीतरी मोजलं, पुन्हा चालू केली. तसं सात वेळा. बैलगाडीवाला कंटाळून खाली उतरला तेव्हा त्याच्याएवढं वजन पडद्यावर कमी झालं, तेही त्यांनी बघून घेतलं.

मग ती लांबट वही काढली, नव्या हंगामाचं पहिलं कोरं पान उघडलं, तारीख घातली आणि लिहिलं, ‘दोन्ही काटे तपासले. वायर उलटी लावून पाहिली. बरोबर.’ खाली सही केली, आणि शेजारी मला सही करायला पेन दिलं.